आरशासारखे जठर

"जुनी रद्दी नको," नळीवाले डॉक्टर म्हणाले आणि शिंप्याच्या मांडीवरची फुगलेली कापडी पिशवी त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली. "काय होतंय तेवढं सांगा."

"जळजळ होते हो, इथं, छातीखाली. पण डॉक्टर, माझं पोट म्हणजे..."

"पोटाचं मी पोटालाच विचारतो. तुम्ही आ करा."

सिस्टरने दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली आणि शिंप्याचे बोलणे संपले. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या सदऱ्यानिशी तो डाव्या कुशीवर निजला.

नळी घशाखाली उतरत होती, पण डॉक्टरांचे मन खालच्या मजल्यावर होते. तिथे सोनोग्राफीची एक नवी डॉक्टर आली होती. रोग्याला ती अर्धा लिटर पाणी पाजी, पोट उघडे करून त्यावर यंत्र फिरवी आणि पडद्यावरच्या करड्या धुक्यात अल्सर दिसतो म्हणे. तीस वर्षे ते माणसांच्या आत उतरून पाहत होते. आणि ही कालची पोर कातडीवरून ओळखणार!

"आंधळ्यानं हत्ती चाचपावा," ते सिस्टरला म्हणाले, "आणि वर हत्तीच्या पोटातला अल्सर सांगावा."

सिस्टर हसली. ते स्वतःही इतके हसले, की नळी हलली आणि शिंप्याच्या डोळ्यांतून पाणी आले.

दोन मिनिटांत नळी बाहेर आली. हातमोजे उतरवता उतरवता त्यांनी सांगितले, "लिहा. जठर निरोगी, अस्तर आरशासारखं स्वच्छ. अल्सर नाही." कागदावर सही करताना त्यांना एक कल्पना सुचली आणि ते स्वतःशीच हसले.

त्यांनी शिंप्याला सोनोग्राफीला धाडले. चिठ्ठीवर एवढेच लिहिले: 'जठरात अल्सर आहे का, पाहावे.' शनिवारच्या बैठकीत अधीक्षक निर्णय देणार होते, की पोटाची ही तपासणी चालू ठेवायची, की बाईंना पुन्हा गरोदर स्त्रियांच्या रांगेपुढे बसवायचे. स्वच्छ जठरात तिला अल्सर दिसला, की तिच्या यंत्राचा निकाल लागला.

दुपारी तिचा फोन आला.

"सर, तुम्ही पाठवलेले शिंपीकाका... त्यांचं जठर तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"तुमचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून पाहतोय, बाई."

"तसं नाही, सर. आज पाहिलंत?"

"याच डोळ्यांनी. का? धुक्यात वाट चुकलात?"

ती हळूच म्हणाली, "बरं. मला आढळलं तसंच लिहिते मग."

शनिवारी सगळे डॉक्टर लांब टेबलाभोवती जमले. ती अगदी टोकाला, हात मांडीवर ठेवून बसली होती. नळीवाले डॉक्टर उभे राहिले, तिचा अहवाल त्यांनी चिमटीत धरला आणि पहिलीच ओळ सावकाश, एकेक शब्द चघळत वाचली.

"जठर... आढळले... नाही."

हशा उसळला. कोणीतरी म्हणाले, "पाण्यात विरघळलं असेल."

"अल्सर राहू द्या," डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले, "या बाईंना अख्खं जठरच सापडेना! काखेत कळसा नि गावाला वळसा." मग त्यांनी स्वतःचा अहवाल टेबलावर अलगद ठेवला, हुकमाचे पान टाकावे तसा. "हे जठर मी त्याच सकाळी दहा मिनिटं निरखलंय. कोपरा न् कोपरा. आरशासारखं."

"तुम्ही स्वतः?" अधीक्षकांनी विचारले.

"स्वतः. खाली सही आहे."

तिने मान वर केली नाही. बाईंचा अहवाल बघू म्हणून अधीक्षकांनी हात पुढे करून तो घेतला. "अहो, इथं खाली आणखी एक ओळ आहे. ही नाही वाचलीत?"

"पहिलीलाच हसू आवरेना, साहेब."

अधीक्षकही हसत होते. हसत हसतच त्यांनी ती मोठ्याने वाचायला घेतली: "पोटावर टाक्यांची उभी, जुनी खूण; रुग्णाच्या पिशवीतील कागदांनुसार जठर बारा वर्षांपूर्वी पूर्णपणे काढून टाकलेले आहे."