पाहुण्याचा बाण

"जुन्या सॉफ्टवेअरला काय धाड भरलीय?" सेऊलच्या ऑफिसात प्योसाहेब कडाडले. डिझायनर बोराम खालमानेनं म्हणाली, "साहेब, नव्यात सगळ्यांना एकाच पानावर काम करता येतं. एकदा बघा तरी." साहेबांनी नाक मुरडत ते उघडलं. पडद्यावरच्या तिखटाच्या डब्याच्या लेबलावर प्रत्येकाच्या माउसचा बाण नावानिशी पळत होता. साहेबांच्या नावाचा बाण आत शिरताच बाकीचे सगळे बाण जागीच थबकले. "बघ, अडकलं तुझं सॉफ्टवेअर!" त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांचे हात अदबीनं मांडीवर होते. केबिनमध्ये जाऊन साहेब नाव न देता पुन्हा आत शिरले. बाणावर 'पाहुणा' उमटलं. लेबलावरची मिरची त्यांनी मोठी केली. लगेच कुणीतरी लिहिलं, "ए पाहुण्या, ही मिरची आहे की भोपळा?" साहेबांनी निमूटपणे मिरची लहान केली. बोरामला बोलावून म्हणाले, "घेऊ हे सॉफ्टवेअर. फक्त मला पाहुणाच राहू दे."