संदर्भ क्रमांक एक्केचाळीस

दारावर टकटक झाली. तिने मान वर केली तर दारात सर. सर दार वाजवून आत येणाऱ्यांतले नव्हते.

"काय घड्याळबाई, आहे का वेळ?"

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. त्यांच्या हाताखाली असताना ती ताऱ्यांचे ठोके मोजायची. अकरा तारे, ठरावीक वेळाने उजळणारे आणि मंदावणारे. आता तिला स्वतःची खोली होती आणि टेबलावर तिच्या नव्या पेपरचं प्रूफ पसरलेलं होतं. दुरुस्त्या पाचपर्यंत पाठवायच्या होत्या.

"बसा ना सर."

"तुझा मसुदा बघितला. संदर्भांत एक्केचाळिसावा माझा आहे."

"हो. तुमचा आणि तुमच्या मुलाचा."

सरांनी ते ऐकून सोडून दिलं. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. समितीला तीस हवे होते. तीस पेपर, आणि त्या प्रत्येकाचा इतरांनी निदान तीस वेळा उल्लेख केलेला. एकोणतीस पेपर केव्हाच पार झाले होते. तिसावा, तो अकरा ताऱ्यांचा, एकोणतीस उल्लेखांवर अडला होता. एक वाढला तर निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ. नाहीतर महिनाअखेरीला खोलीची किल्ली परत.

"शुक्रवारी मोजणार आहेत," सर म्हणाले. "तुझा त्याआधी आला की सुटलो बघ."

"गुरुवारी येतोय."

सर खुर्चीत सैल झाले. "मला वाटलं होतं, त्या पेपरवर तुझं नाव नव्हतं ते तू मनात धरून असशील. तेव्हा त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा होता गं. तुला कुठे घाई होती?"

"एक काम कराल सर? प्रूफ एकट्याने वाचू नये, असं तुम्हीच शिकवलंत."

तिने फळीवरून काळ्या बांधणीचा जाड प्रबंध काढला. तिचाच, पीएचडीचा. "पान अठ्ठ्याऐंशी. जुने आकडे तुम्ही वाचा, मी खूण करते."

"माझ्या पेपरातून वाचतो की. आकडे तेच."

"तुमच्यात दशांशानंतर तीनच स्थळं आहेत. मला चौथं लागतं."

"ते मीच उडवलं होतं. म्हटलं, चौथं कोण बघतंय!"

"ताऱ्यांची लय बदललीय. ती चौथ्यातच दिसते."

सरांच्या भुवया वर गेल्या. क्षणभर ते समिती विसरले. चष्मा लावून त्यांनी वर्गातल्या आवाजात सुरुवात केली.

"पहिला. शून्य दशांश पाच सहा दोन सात."

"बरोबर."

"दुसरा. शून्य दशांश चार आठ शून्य तीन."

"बरोबर."

सातव्याला प्रूफमध्ये नऊच्या जागी चार पडला होता. तो सापडल्यावर सर खूश झाले. "बघ, अजून कान शाबूत आहेत."

"म्हणून तर तुम्हाला बसवलं."

अकरा तारे झाले. मग तिने शेवटचं पान समोर ओढलं आणि पेन एक्केचाळीसपाशी नेलं. सरांच्या नावावरून, मुलाच्या नावावरून एक सरळ रेघ गेली. समासात तिने स्वतःचं नाव लिहिलं, साल लिहिलं, पान अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

"अगं, हे काय?"

"आकडे इथून घेतले. संदर्भ इथलाच हवा."

"प्रबंध कोण वाचतं? आणि दोन्ही ठेव ना. एका ओळीने काय बिघडतंय तुझं?"

"नावं वाढली की पेपर पातळ होतो. त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात."

सर उठून उभे राहिले. हातातला प्रबंध तसाच राहिला. "मी संपादकांना लिहीन. दुर्बीण माझी होती. ते काम माझंही आहे."

"मग तपासायलाच हवं," ती म्हणाली. "पहिलं पान उघडा. वाचा."

सरांनी पान उघडलं. त्यांचा आवाज आता वर्गातला नव्हता.

"प्रमाणित करण्यात येते की, या प्रबंधातील सर्व निरीक्षणे व मोजमापे विद्यार्थिनीने स्वतः, एकटीने..."

ते थांबले. ती पेन टेकवून वाट बघत होती.

"पुढे?"

"खाली सही आहे."

"कोणाची?"

बाहेर कॉरिडॉरमधून कोणीतरी हसत गेलं. सरांनी चष्मा काढला.

"माझी."

"बरोबर," ती म्हणाली, आणि एक्केचाळीसपुढे खूण केली.