पानांखाली

बोटभर लांबीच्या शॅमेलिऑन सरड्यासाठी त्याने काचेच्या पेटीत माती आणि सुकी पानं अंथरली, काटक्या रोवल्या, पाणी फवारलं. सरडा आत सोडताच पानांखाली गडप झाला. सोडणाऱ्याला मात्र चैन पडेना. सारखं झाकण उघडून तो पानं चाळवत होता.

"आवडलं नाही वाटतं याला. काय कमी पडलं?"

दाराशी उभ्या मुलीला अखेर राहवेना. "काही कमी नाही, काका. जागा नवीन आहे. सारखं डोकावलात तर आणखीच लपेल तो."

त्याने झाकण लावलं. तिच्या आईशी लग्न झाल्यापासून तो तिला रोज विचारत होता, "खोली आवडली ना?" आज त्याने काहीच विचारलं नाही. थोड्या वेळाने ती आपणहून शेजारी येऊन बसली.