मधोमध

ड्रायव्हरच्या बायकोने पाऊल पुढे टाकलं आणि पुन्हा मागे घेतलं. रस्त्यापलीकडे तिची ताई खिडकीत बसली होती. हल्ली ताई अंथरुणातून उठायची नाही. आज उठून बसली होती ती हिची वाट बघत. पण मधलं झाड तोडून रस्ता सरळसोट केल्यापासून गाड्या नुसत्या सुसाट. सिग्नल थेट पुलापाशी, तेवढं चालणं हिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

"राहू द्या," ती शेजारी उभ्या नवऱ्याला म्हणाली. "इथूनच हात करते ताईला."

निवृत्त होईपर्यंत ड्रायव्हरने याच रस्त्यावरून बस हाकली होती. तेव्हा ते झाड ऐन रस्त्यात होतं. बस कशीबशी वळवून घ्यावी लागे. रोज त्याचं डोकं फिरायचं. खिडकीतून मान काढून तो झाडावर खेकसायचा, "उगवायला दुसरी जागा मिळाली नाही का तुला?"

बस अशी रेंगाळली की एक मुलगी आरामात रस्ता ओलांडायची. एकदा त्याचं खेकसणं ऐकून ती फिसकन हसली आणि ड्रायव्हर कामातून गेला. पुढे लग्न झालं. झाडावर खेकसणं मात्र चालूच राहिलं.

"झाड होतं तेव्हा गॅसवर दूध ठेवून ताईकडे चक्कर मारून यायचे मी," बायको म्हणाली.

"आणि दूध उतू जायचं."

"ते ताईच्या गप्पांमुळे. रस्त्यामुळे नव्हे."

ड्रायव्हरला झाडाची फार आठवण आली. जन्मभर शिव्या घातल्या बिचाऱ्याला.

गाड्यांमध्ये जराशी फट दिसताच तो निघाला. "अहो!" बायको ओरडली. तोवर तो रस्त्याच्या मधोमध पोचलाही होता. जुन्या मुळांनी तिथलं डांबर अजून फुगलेलं होतं. त्या उंचवट्यावर तो दोन्ही हात पसरून उभा राहिला.

ब्रेक करकचले. हॉर्नचा कल्लोळ उठला. मग गाड्या मंदावल्या, काही थांबल्याच.

"ये आता," तो म्हणाला. "सावकाश ये."

ती निघाली, एकेक पाऊल टाकत. तेवढ्यात एक बस येऊन थबकली. खिडकीतून मान बाहेर काढून तरणा ड्रायव्हर खेकसला, "ओ आजोबा! उगवायला दुसरी जागा मिळाली नाही का तुम्हाला?"

भर रस्त्यात बायको फिसकन हसली.