सातव्या वळणावरची बावन्न मिनिटं

घाटातल्या सातव्या वळणावर गाडी आपणहून हळू झाली. यमुना मांडीवर नारळ घेऊन बसली होती. नवरा गेला त्या जागी ती दरवर्षी नारळ ठेवायची.

"हे यंदाच सुरू झालंय, वहिनी," गाडी चालवणारा दीर भास्कर म्हणाला. "अपघाताच्या नोंदी आणि दवाखान्यांचे कागद एकत्र जोडलेत. कुठं जपायचं ते गाडीच सांगते."

तेवढ्यात गाडी बोलली, "सावकाश चला. नऊ वर्षांपूर्वी इथं एक जखमी दुचाकीस्वार बावन्न मिनिटं शुद्धीवर होता. तोवर मदतीला कुणी आलं नाही."

भास्करने घाईघाईने आवाज बंद केला.

"भावोजी, तुम्ही तर म्हणाला होतात, जागच्या जागी गेले. त्यांना कळलंसुद्धा नाही."

"घरच्यांना असंच सांगतात, वहिनी. दुसरं काय सांगणार?"

यमुना खाली उतरली. कठड्यापाशी नारळ ठेवून ती तिथंच मातीत बसली.

"तुम्ही पुढं जाऊन थांबा. मी बावन्न मिनिटांनी येते."

खालून गाड्या येत राहिल्या. तिच्याजवळ पोचताच प्रत्येक गाडी हळू व्हायची, आतली माणसं काचेतून तिच्याकडे बघायची.

एकही गाडी थांबली नाही.