उतरलेला आकडा

मध्यवर्ती बँकेत ती दर महिन्याला महागाईचा आकडा काढायची. साहेब म्हणाले, "कर्ज देणारे परदेशी पाहुणे येतायत. आकडा उतरलेला दिसला पाहिजे. ज्यांचे भाव मोजतो त्या यादीतून औषधं काढून टाका."

"साहेब, औषधंच तर दुप्पट महागलीत."

"म्हणूनच."

नोकरी जाईल या भीतीने तिने औषधं वगळली. आकडा निम्म्यावर आला, सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर झळकला. महिन्याभरात रक्तदाब वाढून तिच्या वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं. दवाखान्यात खाटेशी बसून तिने विचारलं, "बाबा, गोळ्या का बंद केल्यात?"

 

वाकड्या झालेल्या ओठांनी ते अडखळत म्हणाले, "संपल्या होत्या गं. पेपरात तुझा आकडा वाचला. म्हटलं, आता स्वस्त होतीलच, मग घेऊ."