डावीकडचं वर

लॅपटॉपला पवित्र दोरा गुंडाळून झाला आणि मग तोंगच्या लक्षात आलं की, वेबसाइट आपण फोनवर बघितलीच नाही.

थायलंडमधल्या लाम्पांग शहरातल्या वान्नाबाईंच्या मलमांच्या कारखान्याची ही वेबसाइट. तिचं आज उद्‌घाटन होतं. उंच बैठकीवर नऊ भिक्खू ओळीनं बसून पाठ म्हणत होते. बुद्धमूर्तीपासून निघालेला दोरा लॅपटॉपला वेढे घालून नऊ जणांच्या हातांतून गेला होता. टोकाला मठाचे प्रमुख, लुआंग पो. सगळा कारखाना खाली हात जोडून, पाय मागे दुमडून बसलेला.

तोंगनं एकच चौकट बनवली होती. डावीकडे चित्र, उजवीकडे मजकूर. एकदा बनवायची आणि प्रत्येक मलमाच्या पानावर तीच वापरायची. मोठ्या पडद्यावर दोन्ही बाजू शेजारी शेजारी. छोट्या पडद्यावर जागा पुरत नाही, मग डावीकडचं वर जायचं, उजवीकडचं खाली. या युक्तीचं त्याला भारी कौतुक.

काल संध्याकाळी वान्नाबाई म्हणाल्या, "मजकुराच्या वरती लुआंग पोंचा फोटो टाक. सगळ्या पानांवर टाक. आशीर्वादात कंजुषी कशाला?"

टाकला.

आता त्यानं पुढे बसलेल्या, कारखान्यातल्याच नोईच्या पाठीआड लपून फोन उघडला. टाचेच्या मलमाचं पान. वर एक भलामोठा तळपाय. त्याच्या बरोब्बर खाली, टाच टेकेल असं, लुआंग पोंचं हसरं, तुळतुळीत डोकं.

त्यानं घाईघाईनं पुढचं पान काढलं. घामाची पावडर. वर काख, खाली लुआंग पो.

तिसरं पान मूळव्याधीच्या मलमाचं होतं. ते उघडायची त्याची छाती झाली नाही.

"नोई, मी मेलो."

"पाठ चाललाय. नंतर मर."

त्यानं फोन पुढे केला. नोईचे जोडलेले हात तसेच राहिले, डोळे तेवढे मोठे झाले.

"अगं आई गं! डोक्यावर पाय? आणि हा तुझाच ना रे?"

"हळू बोल."

"मग बदल की! एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, महिनाभर डोकं खातोयस माझं."

"लॅपटॉप कुठंय बघ."

नोईनं दोऱ्याकडे बघितलं. "तोड."

"तू तोड."

गेल्या वर्षी ड्रायव्हरनं लुआंग पोंचा फोटो असलेलं खोकं पायाशी ठेवलं, तर वान्नाबाईंनी त्याला भर रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं. गाडी त्याचीच होती. आणि ते नुसतं खोकं होतं. इथे अख्खं जग बघणार होतं. तोंगची आईसुद्धा. ती रोज पहाटे याच लुआंग पोंच्या पात्रात भात वाढायची.

पाठ संपला. पाणी शिंपडलं गेलं. तोंग गुडघ्यांवरच सरकत लॅपटॉपकडे निघाला.

"हात लावू नकोस!" वान्नाबाई ओरडल्या. "दोरा जेवणानंतर सुटेल." मग आवाजात मध कालवून, "लुआंग पो, हल्ली लोक फोनवरच बघतात. आपणही बघावं." बाईच्या हातून भिक्खू काही घेत नाहीत, म्हणून त्यांनी फोन पिवळ्या फडक्यावर ठेवला. लुआंग पोंनी फडकं ओढून घेतलं, चष्मा चढवला.

पंखा फिरत होता. लुआंग पोंचा अंगठा फोनवर वर-खाली झाला. मग थांबला. बराच वेळ थांबला.

"हा पाय कोणाचा?"

वान्नाबाईंनी मान लांब करून पाहिलं. त्यांचा चेहरा पावडरीपेक्षा पांढरा झाला. नोईला कुणी विचारलं नव्हतं, तरी तिनं हनुवटीनं तोंग दाखवला.

तोंगनं कपाळ जमिनीला टेकवलं. "माझा, लुआंग पो."

"पुढे कर."

भिक्खूसमोर तळपाय लाख गुन्हे केलेला माणूसही करत नाही. पाय केला तर नोकरी जाणार. नाही केला तर लुआंग पोंचा शब्द मोडला म्हणून जाणार. तोंगनं डोळे गच्च मिटले आणि पाय लांब केला. मागे कुणीतरी हुंदका दिला.

लुआंग पोंनी फोन त्या पायाशेजारी धरला. फोनकडे बघितलं. पायाकडे बघितलं. पुन्हा फोनकडे. मग खालचा मजकूर एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं वाचला, "एकाच डबीत टाच लोण्यासारखी."

फोनमधली टाच होती लोण्यासारखी. भेगा तोंगनंच कॉम्प्युटरवर एकेक करून पुसल्या होत्या. समोरच्या टाचेवर त्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

"नियमित लावत नाही हो हा!" वान्नाबाई घाईनं म्हणाल्या. "आळशी मेला! लुआंग पो, काय सांगू, या पोरांना फुकट दिलेल्याची किंमतच नसते!"

लुआंग पोंनी चीवर जरासं वर घेतलं, आपला पाय बैठकीवरून खाली सोडला आणि तोंगच्या पायाशेजारी टेकवला. रोज अनवाणी फिरणारी टाच. भेगांमध्ये लाल माती बसलेली.

"मला तर बाई दर पौर्णिमेला डबी पाठवतात," ते तोंगकडे वाकून हळूच म्हणाले. "तुझ्यापण भेगा गेल्या नाहीत होय रे?"